कुठं उभं राहायचं

बारामती, ८ जानेवारी २०२६

ती. सरोजिनी आत्यास,
सोनमचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस. हाताशी फोन असताना पोरगी पत्र लिहीत का बसली, असं तुला वाटेल. नव्या कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलंय. शिवाय फोनमध्ये कंपनीनं एक ॲप टाकायला लावलंय. ते काय ऐकतं आणि काय वाचतं, कुणालाच धड ठाऊक नाही. म्हणून कागद. तूही फोनवर यातला शब्द काढू नकोस. अण्णांना तर सांगूच नकोस, लेकीच्या काळजीनं ते सोमेश्वरनगरहून तडक गाडी घेऊन मला न्यायला येतील.

एमआयडीसीच्या रस्त्यावर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. इंग्लंडमधल्या शाळांतली मुलं वर्गातल्या कॉम्प्युटरवर जे लिहितात, त्यात मरण, मार, रक्त असला शब्द आला की मशीन ते वाक्य उचलून आमच्यापुढे टाकतं. मुलाचं नाव झाकलेलं असतं, नुसता नंबर दिसतो. वाचायचं आणि बटण दाबायचं. हिरवं म्हणजे नुसती बोलण्याची पद्धत. पिवळं म्हणजे थांबा, आठवडाभर लक्ष ठेवू. लाल म्हणजे मुलाला धोका आहे, ताबडतोब कळवा.

पहिल्याच आठवड्यात एका मुलानं लिहिलं, 'मम इज गोइंग टू किल मी, आय लॉस्ट माय कोट.' आई माझा जीव घेणार, असं मूल म्हणतंय, आत्या! मी लाल दाबलं. त्या घरी पोलीस गेले. कोट हरवला होता, एवढंच. ती आई शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर रडली म्हणे. तक्रार आली. आमच्या टीमचे प्रमुख मोहित सर म्हणाले, "परत असं झालं तर मी तुला वाचवू शकणार नाही." ऑफिसात आता मला सगळे 'कोट' म्हणतात.

बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण ही मुलं लिहितात ते इंग्रजी मी कधी ऐकलेलंच नाही. लाल दाबायच्या आधी वाक्य पाच-पाचदा वाचते आणि हिरवं दाबायच्या आधीही. तू हायस्कुलात एवढी वर्षं इंग्रजी शिकवलंस. मला सांग, 'आय ॲम डेड मीट' म्हणजे काय? 'ही वेंट थ्रू द रूफ' म्हणजे माणूस पत्र्यातून खाली पडला का? आणि 'वॉकिंग ऑन एगशेल्स'? अंड्यांच्या टरफलांवर कोण कशाला चालेल?

लवकर लिही. मला खरंच भीती वाटते.

तुझी,
सोनम


निरवांगी, १२ जानेवारी

चि. सोनमला आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. काळजी वाटली, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी इंग्रजीतलं काही विचारलं नव्हतं. इथं लोक विचारतात ते बँकेच्या मेसेजमध्ये काय लिहिलंय एवढंच.

आधी शांत हो. ही सगळी अतिशयोक्ती आहे, दुसरं काही नाही. आपण ती दिवसभर करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. काल आमची शेजारीण साखरबाई ओट्यावरून सुनेवर ओरडत होती, "च्या आन गं लवकर, न्हायतर हितंच मरून पडते मी!" चहा झाला आणि बाई खोरं घेऊन उसाला पाणी द्यायला गेली. तिथं कुणी पोलीस बोलावले नाहीत. ती मुलंही साखरबाईसारखंच बोलतात, फक्त इंग्रजीत.

'डेड मीट' म्हणजे आता माझी खैर नाही. 'थ्रू द रूफ' म्हणजे रागानं भडकला. पत्र्याचा काही संबंध नाही. 'एगशेल्स' म्हणजे घरात कुणाचा राग ओढवू नये म्हणून जपून वागणं. शाळकरी मुलांच्या घरी हे चालायचंच. परीक्षेचे निकाल लागले की तुमच्याही घरी चालायचं.

एक खूणगाठ बांधून ठेव. वाक्य जेवढं मोठं, तेवढी गोष्ट लहान. जीव जातोय म्हणणारा बहुधा कंटाळलेला असतो. याच्या उलटही इंग्रज करतात, मोठं दुखणं असलं तरी 'जरा बरं नाही' म्हणतात. पण त्याची चिंता तू करू नकोस, लहान मुलं तसं बोलत नाहीत.

जेवत जा. आणखी वाक्यं पाठव.

तुझी आत्या,
सरोजिनी


बारामती, ५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या त्या खूणगाठीनं माझं नशीबच बदललं. मी भराभर हिरवं दाबते. मागच्या महिन्यात सगळ्यांत कमी चुका माझ्या. मोहित सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. 'कोट' म्हणायचंही बंद झालं.

हे लिहिताना आनंद व्हायला हवा, पण एका मुलाचं सांगायचंय.

त्याचा नंबर मला पाठ झालाय. मुलगा की मुलगी, ते कळत नाही. दहा-अकरा वर्षांचं असेल. त्याची वाक्यं वरचेवर माझ्याकडे यायची. घरात आई आहे, आणि एक 'ही', म्हणजे कुणी 'तो' आहे. तो बाप नसावा, कारण 'डॅड' असं मूल कधी लिहीत नाही. 'ही वेंट थ्रू द रूफ लास्ट नाइट.' हिरवं. 'इफ द डॉग बार्क्स अगेन आय ॲम डेड मीट.' कुत्रं पुन्हा भुंकलं तर माझी खैर नाही. हिरवं. 'वी आर ऑल वॉकिंग ऑन एगशेल्स.' तेही हिरवं. तुझं पत्र शेजारी ठेवल्यासारखं मी ओळीनं हिरवं दाबत गेले. मला ते मूल आवडायला लागलं होतं. कुत्र्याबद्दल छान लिहायचं. कुत्रं बिस्किटं कशी चोरतं, पावसात अंग कसं झाडतं.

मग कुत्र्याचं लिहिणं बंद झालं. एका नंबरावरून बरीच वाक्यं आली की मशीन त्या मुलाचं सगळंच लिखाण पुढे टाकतं, म्हणून मला कळलं. कुत्र्याचा उल्लेखच नाही. 'डेड' नाही, 'किल' नाही, काहीच नाही. आणि परवा एवढंच आलं: 'आय नो व्हेअर टू स्टँड नाऊ. इट डझन्ट रीच.' कुठं उभं राहायचं ते मला आता कळलंय. ते पोचत नाही.

आत्या, हे मी पुन्हा पुन्हा वाचतेय. यात मोठं काहीच नाही, मग मी का घाबरले? मोहित सरांना दाखवलं. ते म्हणाले, "यात धोक्याचा एकतरी शब्द दाखव." मी पिवळं दाबून ठेवलंय. येत्या गुरुवारपर्यंत ते तसं ठेवता येईल, मग हिरवं किंवा लाल करावंच लागेल. लाल केलं आणि पुन्हा कोटासारखं निघालं तर माझं काम जाईल, आणि आणखी एक बाई शेजाऱ्यांसमोर रडेल.

यात काही म्हण-वाक्प्रचार आहे का? तू म्हणशील तसं करीन.

सोनम


निरवांगी, ९ फेब्रुवारी

चि. सोनम,

पत्र आत्ताच आलं, लगेच उत्तर लिहिते आहे. पोस्टमन अजून ओट्यावर पाणी पितोय, त्याच्याच हाती देते.

घाबरण्यासारखं काही नाही. हा वाक्प्रचारच आहे. 'टू नो व्हेअर वन स्टँड्स' म्हणजे आपली जागा काय, समोरच्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, ते स्पष्ट कळणं. मुलाला 'आय नो व्हेअर आय स्टँड' म्हणायचं असणार, त्याच्या हातून 'आय'चं 'टू' झालं. त्या वयात असल्या चुका होतात. मी शेकडो वह्यांत त्या लाल शाईनं दुरुस्त केल्या आहेत. आणि 'इट डझन्ट रीच' म्हणजे त्या भांडणांचा आता माझ्यापर्यंत काही त्रास पोचत नाही. मूल सावरलंय, असाच याचा अर्थ. कुत्रं कुणाला तरी देऊन टाकलं असेल. शहरातली माणसं देतात.

बिनघोर हिरवं कर आणि स्वतःच्या तब्येतीकडे बघ. अक्षर फार बिघडलंय तुझं.

आत्या


१३ फेब्रुवारी, तुमच्या ऑफिसचं गेट

सोनम,

मी खाली उभी आहे. वॉचमन वर सोडत नाही. तुझा फोन दुपारपासून बंद लागतोय, कामावर असताना तो कुलपात असतो हे मला आत्ता इथं कळलं. हा कागद वॉचमनच्या हाती देते आहे. पाया पडले त्याच्या, तेव्हा तयार झाला.

माझं सोमवारचं पत्र खरं मानू नकोस. मी चुकले.

आज दुपारी साखरबाईकडे गेले होते. त्यांचा नवा खोंड मारका आहे, दावणीला बांधलेला असतो. साखरबाई त्याच्यासमोर वैरण टाकत होती आणि तो शिंगं रोखून तिच्यावर धावला. मी किंचाळले. ती जागची हलली नाही. दावं ताणलं, शिंग तिच्या पदरापासून वीतभर अलीकडे थांबलं. मला म्हणाली, "भिऊ नगा बाई. हितं उभं ऱ्हायलं की त्येचं शिंग पोचत न्हाय. दोनदा मार खाल्ला, तवा कळलं कुठं उभं ऱ्हायाचं ते."

सोनम, हेच वाक्य. अगदी हेच. मुलानं 'टू'च लिहिलं होतं आणि त्याला 'टू'च म्हणायचं होतं. मी त्याचं व्याकरण दुरुस्त करत बसले. तो वाक्प्रचार नाही, अलंकार नाही, काही नाही. ते मूल त्या घरात कुठंतरी उभं राहतं, जिथं त्या माणसाचा हात पोचत नाही. का हातातलं काही पोचत नाही, देव जाणे. आणि ती जागा त्याला मार खाऊनच सापडली असणार.

हिरवं केलं असशील तर परत लाल कर. केलं नसशील तर आत्ता कर. मी जंक्शन गावात एसटी बदलून आले आहे, तुझं उत्तर कळल्याशिवाय जाणार नाही.

आत्या


बारामती, १७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी खाली आले, हसले आणि म्हणाले, "झालं आत्या, कळवलं, तू शेवटची गाडी पकड." ते खोटं होतं. तेव्हा काहीच झालेलं नव्हतं. तू गेटवर उन्हात घामाघूम उभी होतीस, तुझे ओठ सुकले होते. तू घरी नीट पोचावंस एवढंच माझ्या मनात होतं. खरं काय झालं ते आता लिहिते.

तुझं पत्र मला गुरुवारी मिळालं होतं आणि मी त्याच दिवशी हिरवं दाबलं होतं. एकदा हिरवं झालं की मला परत उघडता येत नाही, फक्त मोहित सरांना येतं. शुक्रवारी वॉचमननं तुझा कागद दिला. वाचला. तशीच सरांकडे गेले.

म्हटलं, "सर, तो नंबर उघडा. लाल करायचाय."

"का? नवीन काही लिहिलंय का त्यानं?"

"नाही. जुनंच वाक्य. त्याचा अर्थ मला आता कळला."

"सोनम, मुलाच्या घरी पोलीस पाठवायचे तर मला कारण लिहावं लागतं. काय लिहू? कुठं उभं राहायचं ते त्याला कळलं म्हणून?"

मी तुझा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. खोंडापाशी आले तेव्हा थांबले, परत वरून वाचला. मग मान वर करून म्हणाले, "ही बाई कोण?"

"माझी आत्या."

"तिला मुलाचं वाक्य कुणी सांगितलं?"

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांना सगळं समजलं. ते कागद घेऊन आतल्या केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं. तेव्हाच मी खाली तुझ्याकडे आले होते. वर परत जाताना प्रत्येक पायरीला वाटत होतं, आता मलाच हाकलणार आणि तो नंबर तसाच बंद राहणार. आणि तुला सांगितलं नाही ते हे, की शुक्रवार हा त्यांच्या शाळेचा शेवटचा दिवस होता. शनिवारपासून तिकडे आठवडाभर सुट्टी. तिकडे तेव्हा दुपार होती. शाळा सुटली की ते मूल त्या घरी जाणार होतं, आणि पुढचे सगळे दिवस तिथंच राहणार होतं.

सर बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "तुझं काम गेलं, सोनम. ते मला कळवावंच लागेल, माझा इलाज नाही. पण ते नंतर. त्यांच्या शाळेत अशा गोष्टी बघणाऱ्या बाई आहेत, त्यांना मी फोन लावतो. बोल तू. मला हे नीट सांगता येणार नाही."

आत्या, मी कधी इंग्रज माणसाशी फोनवर बोलले नव्हते. तू शिकवलेलं एकही सुंदर वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, या मुलाला घरी कुणीतरी मारतं. ते कुठं उभं राहतं ते विचारा. कुत्रं कुठं गेलं ते विचारा. आज घरी पाठवू नका. मग बाई म्हणाल्या, 'थँक यू. दॅट्स क्वाइट हेल्पफुल.' आणि फोन ठेवला.

क्वाइट हेल्पफुल म्हणजे काय, आत्या? फार उपयोग झाला असं, की जरासा झाला असं? मी चार दिवस हेच उलटसुलट करतेय. त्यांनी नुसतं सभ्यपणानं बोलून फोन ठेवला असेल तर? विचारपूस केली, तिथं काही सापडलं नाही आणि मुलाला परत त्याच माणसाच्या हवाली केलं तर? मग तो माणूस मुलाला विचारेल, शाळेत काय सांगितलंस. आमच्या फोनमुळे त्याला जास्त मार बसला असेल तर?

सुट्टी आहे, त्यामुळे स्क्रीनवर काहीच येत नसणार. आणि आता मला स्क्रीनही नाही. खोलीवर बसून आहे.

सोनम


निरवांगी, २० फेब्रुवारी

सोनम,

तू खाली येऊन हसून 'झालं' म्हणालीस आणि मी एसटीत बसून घरापर्यंत देवाचे आभार मानत आले. तू खोटं बोललीस म्हणून रागावत नाही. तुझ्या चेहऱ्याकडे मी नीट बघायला हवं होतं.

'क्वाइट'चे दोन्ही अर्थ होतात, बऱ्यापैकी आणि अगदी पुरेपूर. कोणता ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. तो आवाज तू ऐकलास, मी नाही. मी आता कागदावरून अर्थ सांगणार नाही. एकदा सांगितला, तेवढं पुरे झालं.

मलाही भीती वाटते. गोठ्याकडे बघवत नाही. साखरबाई वैरण टाकायला निघाली की मी दार लावून घेते. काल तिनं विचारलं, "बाई, आजारी हायसा का?" मी म्हटलं, जरा बरं नाही.

फोन केला नसतास तर काय झालं असतं, तेही एकदा मनात आण. नुसतं एकाच बाजूनं घाबरू नकोस. खोलीवर एकटी बसू नकोस, इकडे ये. अण्णांना मी सांगते, जे काय म्हणायचं ते मला म्हणू देत.

आत्या


बारामती, २६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काल मोहित सरांचा निरोप आला, कागदांवर सह्या करायला या. मी गेले. सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. सह्या झाल्या. उठले तर सर हळूच म्हणाले, "थांब. इकडे ये जरा."

त्यांच्या स्क्रीनवर तोच नंबर होता. त्याच्यापुढे एक निळी खूण होती, ती मी कधी पाहिली नव्हती. सर म्हणाले, "घरी माणसं जाऊन आली की ही खूण पडते. मूल आता दुसरीकडे राहायला आहे. याच्यापेक्षा जास्त आपल्याला सांगत नाहीत."

आणि खाली मशीननं उचललेलं नवीन वाक्य. त्यात स्फोटाचा शब्द आहे म्हणून मशीननं ते सगळ्यांत वर आणून ठेवलेलं. 'आय एट सो मच ॲट ग्रॅन्स आय ॲम गोइंग टू एक्स्प्लोड.' आजीकडे इतकं खाल्लं, इतकं खाल्लं, की आता माझा स्फोट होणार.

मी ते वाचलं, परत वाचलं. सरांनी विचारलं, "काय करू? लाल की हिरवं?"

"हिरवं, सर," मी म्हटलं. "बोलण्याची पद्धत आहे." बोलताना माझे दात एकमेकांवर आपटत होते.

त्यांनी हिरवं दाबलं. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले. आणि मग भीतीनं मला तिथंच धरलं, आत्या, फोनच्या दिवशीपेक्षाही जास्त. हे एक मूल माझ्या लक्षात राहिलं, कारण ते कुत्र्याबद्दल लिहायचं. बाकीच्यांचं काय? सगळा जानेवारी मी ओळीनं हिरवं दाबत होते. टाळ्या मिळत होत्या मला त्याच्याच.

परत फिरले. म्हटलं, "सर, मी केलेली हिरवी सगळी मला एकदा बघायची आहेत."

"तू आता इथं कामाला नाहीस, सोनम."

"माहीत आहे."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आजूबाजूला. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मला कुणी काही विचारणार नाही." आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक वाक्य सर मोठ्यानं वाचायचे आणि मी डोळे मिटून ऐकायची. बहुतेक सगळी खरंच हिरवी होती. दोन सोडून. त्या दोन ठिकाणी सरांनी फोन लावला आणि मी बोलले.

रविवारी येते.

सोनम